गिरगावातली खोली आणि मावशीचं मृत्युपत्र: कायद्याचं संशोधन आणि लेखन शिकताना

मुंबईत कायदा शिकायला आलेल्या मुलामुलींना हल्ली निवाडे सापडत नाहीत असं होत नाही. मोबाइलवर चार शब्द टाकले की शेकड्यांनी निवाडे समोर येतात. गाडी अडते ती त्यानंतर. यातला कोणता आपल्या प्रकरणाला लागू आहे, कोणता भलत्याच कायद्यावरचा आहे, कोणता वरच्या न्यायालयाने केव्हाच मोडीत काढलाय, आणि हे सगळं निस्तरल्यावर आपलं मत दोन पानांत कसं मांडायचं, इथे भल्याभल्यांची दांडी उडते.

अभ्यासक्रमात याची सोय आहे. एक वर्षाच्या एलएलएमला संशोधन पद्धती आणि विधी लेखन हा विषय यूजीसीने सक्तीचा केलेला आहे. एलएलबीला बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ड्राफ्टिंग, मूट कोर्ट (सरावासाठी रचलेला नकली खटला), इंटर्नशिप असं सगळं आहे. पण या पेपरांच्याही नोट्स मिळतात, त्या पाठ करून पास होता येतं आणि बरेच जण तसेच होतात. म्हणून इथे व्याख्या देत बसत नाही. एकच प्रश्न घेऊ आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवू.

प्रश्न असा. गिरगावातल्या एका चाळीत पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली, खोली आहे, भाडेपावती मावशीच्या नावावर. मावशी वारली. जाण्याआधी तिने रीतसर मृत्युपत्र करून खोली भाच्याला दिली. चाळमालक म्हणतो, खोली रिकामी कर. भाचा म्हणतो, माझ्याकडे मृत्युपत्र आहे. तुम्ही भाच्याच्या वकिलाचे ज्युनियर आहात आणि सिनियरना परवापर्यंत टिपण हवंय.

पहिली पायरी: गोष्टीतून प्रश्न काढा

लॅपटॉप उघडायच्या आधी कागद घ्या आणि काय माहीत नाही ते लिहा. मावशी कधी वारली? त्या वेळी भाचा तिच्यासोबत खोलीत राहत होता की डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये? राहत असेल तर त्याचं नाव त्या पत्त्यावरच्या रेशनकार्डात, मतदार यादीत आहे का? मावशीचं लग्न झालं होतं का? नवरा, मुलं? भाच्याची आई हयात आहे का? खोली राहायलाच दिली होती की तिथे शिवणकामाचा धंदा चालायचा? मावशी हिंदू होती की कॅथलिक? गिरगावात दोन्ही शक्य आहे, आणि वारसाचा कायदा त्यावर बदलतो.

भाच्याची आई जिवंत आहे की नाही याचा मृत्युपत्राशी काय संबंध, असं आत्ता वाटेल. पुढे कळेल.

यानंतर प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. 'भाडेकरूचे हक्क काय?' हा प्रश्न नाही, तो धड्याचा मथळा झाला. चालेल असा प्रश्न हा: 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली राहत्या खोलीचा भाडेकरू हक्क मृत्युपत्राने भाच्याला देता येतो का, आणि देता येत नसेल तर सोबत राहणारा कुटुंबीय किंवा वारस म्हणून भाचा भाडेकरू ठरू शकतो का?' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग नवे विद्यार्थी हमखास विसरतात. अशील मृत्युपत्र घेऊन येतो, म्हणून आपणही मृत्युपत्रालाच चिकटून बसतो. अशिलाला ठाऊक नसलेला दुसरा रस्ता शोधून देण्यासाठीच तर तो वकिलाकडे येतो.

दुसरी पायरी: निवाड्यांच्या आधी कायदा

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. कायद्याचा मजकूर रूक्ष, आणि निवाड्यात निदान गोष्ट तरी असते. तरीही आधी बेअर अ‍ॅक्टच, म्हणजे भाष्याशिवायचा नुसता कायदा, उघडायचा. इंडिया कोडच्या संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे फुकट मिळतात. छापील हवा असेल तर चर्नी रोडला शासकीय ग्रंथागार आहे. राज्याच्या कायद्याचा मराठी मजकूर समजून घ्यायला उत्तम, पण अर्थावरून वाद झाला तर संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद प्राधिकृत धरला जातो. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आपल्या प्रश्नाचं कलम आहे ७(१५)(डी). 'भाडेकरू' म्हणजे कोण याची ती व्याख्या आहे. राहत्या जागेच्या बाबतीत तिचा सारांश असा: भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा त्याच्या कुटुंबातला सदस्य भाडेकरू होतो, असा कोणी नसेल तर वारस, आणि आपसात एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवतं.

आता याच कलमावर थोडं थांबा, कारण संशोधनातला बराचसा नफा अशाच ठिकाणी मिळतो. सुरुवातीलाच लिहिलंय की मृत्यू हा कायदा लागू होण्याच्या आधी झालेला असो वा नंतर. म्हणजे मावशी १९९५ साली वारली असती तरी हे कलम बघावंच लागलं असतं. कलमाच्या शेपटीला एक स्पष्टीकरण जोडलंय: ही तरतूद फक्त मूळ भाडेकरूच्या मृत्यूपुरती नाही, त्याच्यामागून याच तरतुदीखाली भाडेकरू झालेला माणूस वारला तरी लागू होते. चाळीतल्या खोल्या तीन-तीन पिढ्या एकाच घराण्यात का राहतात, याचं एक उत्तर या स्पष्टीकरणात आहे. पावती मुळात मावशीच्या वडिलांच्या नावावर असली आणि त्यांच्यानंतर ती भाडेकरू झाली असली, तर भाच्याच्या वकिलाला हाच भाग हाताशी लागेल. व्याख्या अर्धी वाचून पुढे गेलेल्याला तो दिसणारच नाही.

कायद्याच्या नावातल्या सालावरही जाऊ नका. नाव '१९९९' असलं तरी हा २००० सालचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १८ आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. सोबत कलम ५८ वाचा, निरसनाचं. या एका कायद्याने तीन जुने कायदे गुंडाळले: मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रातला १९४७ चा मुंबई भाडे कायदा, विदर्भातला १९४९ चा सीपी अँड बेरार आदेश आणि मराठवाड्यातला १९५४ चा हैदराबाद कायदा. याचा तुमच्या शोधाशी थेट संबंध आहे. नागपूर खंडपीठाचा १९८० च्या दशकातला भाडेकरूंवरचा निवाडा सापडला, तो मुंबई उच्च न्यायालयाचाच आहे म्हणून आनंदाने टिपणात घातला, आणि तो निघाला सीपी अँड बेरार आदेशावरचा. तिथे मालकाला नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. सगळी रचनाच वेगळी. एकच न्यायालय आहे म्हणून निवाडा गिरगावाला लागू होत नाही.

तिसरी पायरी: शोध

नवा कायदा समजला तरी शोध बहुधा जुन्याच कायद्यात करावा लागतो, कारण न्यायालयांनी पन्नासएक वर्षं चावून काढलेले शब्द तिथले आहेत. ७(१५)(डी) चा पूर्वज म्हणजे १९४७ च्या कायद्याचं कलम ५(११)(सी). फक्त नव्या कलमाचा आकडा टाकून शोधणाऱ्याला महत्त्वाचे निवाडे दिसतच नाहीत. असं जुनं-नवं कोष्टक प्रत्येक विषयात लागतं. १ जुलै २०२४ नंतर फौजदारी कायद्यात तर रोजच लागतंय: फसवणुकीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५बी आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे. निवाडे मात्र ढिगाने जुन्या आकड्यांवर पडलेले आहेत.

शब्द निवडताना न्यायाधीश कोणता शब्द वापरतील याचा विचार करा. अशील 'खोली नावावर केली' म्हणतो. निवाड्यात तो शब्द कुठून येणार? तिथे बिक्वेस्ट, लेगसी (मृत्युपत्राने दिलेली गोष्ट), लेगेटी (ती मिळणारा), टेस्टामेंटरी (मृत्युपत्राने होणारं), ट्रान्समिशन ऑफ टेनन्सी (भाडेकरू हक्क पुढे जाणं) असले शब्द असतात. दोन-तीन शब्दांचा गट अवतरण चिन्हांत टाका, त्याला कलमाचा आकडा जोडा, निकाल फार आले तर न्यायालय आणि साल यांची चाळणी लावा. शब्दच सुचत नसतील तर आधी एखादं भाष्यग्रंथातलं प्रकरण वाचा आणि तळटिपांमधून शब्द उचला. हा आळशीपणा नाही, सिनियरही तेच करतात.

कुठे शोधायचं? इंडियन कानून फुकट आहे आणि पहिल्या चकरेला पुरेसं आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अहवाल ई-एससीआरवर विनामूल्य मिळतात. उच्च न्यायालयाचे आदेश आणि निवाडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा यांना पैसे पडतात, पण बहुतेक कॉलेजांच्या ग्रंथालयात त्यांची सोय असते. ग्रंथपालांना जाऊन विचारा. किती मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि लॉगिन काय होतं हे त्यांना माहीतच नसतं. जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयात बॉम्बे लॉ रिपोर्टरचे १८९९ पासूनचे बांधीव खंड असतात. एक दुपार त्यांच्या विषयसूचीत घालवली तर कायद्याचे विषय कसे रचलेले असतात, एकाखाली एक कसे येतात, ते डोक्यात बसतं. शोधपेटीत शब्द टाकून ते कधीच बसत नाही.

सायटेशन, म्हणजे निवाडा कुठे छापलाय त्याचा पत्ता, वाचायला पहिल्याच आठवड्यात शिका. '(१९९४) ३ एससीसी ४८१' म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेसच्या १९९४ सालच्या तिसऱ्या खंडात पान ४८१. एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) आणि महाराष्ट्र लॉ जर्नल हे निवाडे छापणारे अहवाल नागपूरचे. बॉम्बे केसेस रिपोर्टर, ऑल एमआर ही नावंही पदोपदी भेटतील. २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन आलं, ते न्यायालय स्वतः देतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात 'बीएचसी-एएस' म्हणजे अपिलीय शाखा, 'ओएस' म्हणजे मूळ शाखा. आपला विषय अपिलीय शाखेत सापडेल. का? कलम ३३ प्रमाणे मुंबईतले भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, म्हणजे आपलं धोबीतलावचं स्मॉल कॉजेस. कलम ३४ प्रमाणे अपील त्याच न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांपुढे जातं, आणि त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयात येतं. प्रकरणाचा हा प्रवास ठाऊक असला की कुठल्या कपाटात हात घालायचा ते कळतं.

एक वही ठेवा. कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय सापडलं, कोणता निवाडा का टाकून दिला. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा.

चौथी पायरी: निवाडा वाचणं

समजा, शोधात तीन निवाडे हाती लागले.

पहिला, ग्यान देवी आनंद विरुद्ध जीवन कुमार, (१९८५) २ एससीसी ६८३. सर्वोच्च न्यायालय, पाच न्यायाधीश. नव्या विद्यार्थ्याचे डोळे इथेच चमकतात: घटनापीठ! पण वाचायला घ्या. निवाडा दिल्लीच्या भाडे कायद्यावरचा आहे, जागा व्यापाराची आहे आणि प्रश्न वारसाहक्काचा आहे, मृत्युपत्राचा नाही. पीठ मोठं असलं म्हणून निवाडा आपल्या प्रश्नावर बोलतो असं होत नाही. निवाडा बंधनकारक असतो तो त्यात जे ठरवलं तेवढ्यापुरता. प्रत्येक वाक्यापुरता नव्हे.

दुसरा, भवरलाल लाभचंद शहा विरुद्ध कन्हैयालाल नथालाल इंटावाला, (१९८६) १ एससीसी ५७१. हा मुंबई भाडे कायद्यावरचाच आहे आणि मृत्युपत्रावरचाच आहे, पण जागा धंद्याची. मृत्युपत्राने असा भाडेकरू हक्क बाहेरच्याला देता येत नाही, असं त्यात ठरलं. आपल्या जवळ आला, पण अजून एक पाऊल लांब.

तिसरा, वसंत प्रताप पंडित विरुद्ध डॉ. अनंत त्र्यंबक सबनीस, (१९९४) ३ एससीसी ४८१. कलम ५(११)(सी) मध्ये 'सोबत राहणारा कुटुंबीय नसेल तर वारस' असं जे म्हटलंय, त्यातल्या 'वारस' शब्दात मृत्युपत्राने लाभ मिळालेला माणूस येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. आपल्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला लागणारा निवाडा हाच.

तीनही हेडनोटवरून ओळखता आले असते, असं वाटू शकतं. हेडनोट म्हणजे संपादकाने केलेला सारांश. निवाडा कुठे आहे ते शोधायला ती उपयोगाची, उद्धृत करायला कधीच नाही. वाचताना पेन्सिलीने चार जागा खुणावा: तथ्यं कुठे संपतात, मुद्दा कुठे मांडलाय, वकिलांचे युक्तिवाद कुठे संपतात आणि न्यायालय स्वतः कुठे बोलायला लागतं. युक्तिवादाचा परिच्छेद न्यायालयाचं मत म्हणून उचलणं ही मूट कोर्टात हमखास दिसणारी चूक आहे. परीक्षकाने एकदा 'हे कोण म्हणतंय?' विचारलं की समोरचा गप्प.

यापुढे निवाडा अजून जिवंत आहे का ते बघा. डेटाबेसमध्ये प्रत्येक निवाड्याखाली तो पुढे कुठे उद्धृत झाला त्याची यादी असते. ती शेवटपासून वाचा, ताजी आधी. उलटवला गेला? तथ्यं वेगळी म्हणून लागू केला नाही? मोठ्या पीठाकडे पाठवला? लहान पीठ मोठ्या पीठाचं मत बाजूला सारू शकत नाही, हा नियम दाऊदी बोहरा प्रकरणात (२००५) २ एससीसी ६७३ इथे स्पष्ट मांडलेला आहे. दोन निवाडे परस्परविरोधी दिसले की आधी न्यायाधीशांची संख्या मोजायची. त्याच यादीत १९९९ च्या कायद्यावर आपलं तत्त्व लागू करणारे उच्च न्यायालयाचे निवाडेही हुडका, कारण सिनियरचा पहिला प्रश्न असणार: 'जुन्या कायद्यावरचं सांगितलंस, नव्यावर काय?'

आणि हो, चॅटबॉट. मुद्दे सुचवायला, शोधशब्द काढायला तो बरा आहे. निवाडा मात्र त्याच्याकडून घ्यायचा नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी त्याने रचलेले, मुळात नसलेलेच निवाडे न्यायालयात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. ज्या निवाड्याचं पान तुम्ही स्वतः उघडून वाचलेलं नाही, तो टिपणात येता कामा नये.

पाचवी पायरी: आपल्या तथ्यांना लावून बघणं

मृत्युपत्राचा रस्ता बंद झाला. इथेच 'भाच्याला हक्क नाही' असं लिहून टिपण संपवलंत तर अर्धंच काम झालं.

भाचा मृत्यूच्या वेळी मावशीसोबत खरोखर राहत होता का? असेल तर 'कुटुंबातला सदस्य' यात भाचा बसतो का, हा वेगळा शोध, त्याचे वेगळे निवाडे. इथे कायद्यापेक्षा पुरावा जड जातो. दिवाळीला आठ दिवस येऊन राहिला याला राहणं म्हणत नाहीत.

राहत नसेल आणि दुसरा कोणीही सोबत राहत नसेल, तर वारस कोण? मावशी हिंदू आणि अविवाहित असेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम १५ लागेल. मुलं नाहीत, नवरा नाही, आईवडील वारलेले. मग पाळी येते वडिलांच्या वारसांची. भाच्याची आई म्हणजे मावशीची बहीण, म्हणजे त्या वडिलांची मुलगी. ती हयात असेल तर वारस ती, भाचा नव्हे. ती आधीच वारली असेल तर भाचा हा वडिलांच्या आधी वारलेल्या मुलीचा मुलगा म्हणून पहिल्या वर्गातला वारस ठरतो. म्हणजे मृत्युपत्राने जे मिळालं नाही ते वारस म्हणून मागता येईल. इतर वारस असतील तर त्यांच्याशी एकमत करावं लागेल, नाहीतर न्यायालय ठरवेल. मावशी विधवा आणि निपुत्रिक असेल तर चित्र पार बदलतं, कारण वडिलांच्या वारसांआधी नवऱ्याचे वारस येतात. कॅथलिक असेल तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम. आई हयात आहे का, हे पहिल्याच कागदावर का लिहायला सांगितलं ते आता ध्यानात आलं असेल.

सहावी पायरी: लिहिणं

टिपणाचा साचा जगभर एकच शिकवतात: मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष. मूट आणि परीक्षेला तो ठीक आहे. सिनियरसाठी लिहिताना निष्कर्ष उचलून वर आणा. त्यांच्या हातात बोर्डावर मॅटर पुकारला जायच्या आधीची दहा मिनिटं असतात.

हा परिच्छेद पाहा. असे परिच्छेद दर सेमिस्टरला वाचायला मिळतात:

'प्रस्तुत प्रकरणी असे नमूद करणे क्रमप्राप्त ठरते की, मृत्युपत्राद्वारे भाडेकरू हक्कांचे हस्तांतरण होऊ शकते किंवा कसे, याबाबत मा. सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी विविध निवाड्यांमध्ये विस्तृत ऊहापोह केलेला असून, त्याचा साकल्याने विचार करता भाच्याची बाजू काहीशी कमकुवत असल्याचे दिसून येते.'

आणि हा:

'मृत्युपत्राच्या आधारे भाच्याला खोलीवर हक्क सांगता येणार नाही. १९४७ च्या कायद्याच्या कलम ५(११)(सी) मधल्या "वारस" या शब्दात मृत्युपत्राने लाभ मिळालेली व्यक्ती येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वसंत प्रताप पंडित प्रकरणात ठरवलं. १९९९ च्या कायद्याच्या कलम ७(१५)(डी) मध्येही आधी सोबत राहणारा कुटुंबीय आणि तो नसेल तर वारस, हाच क्रम आहे. मृत्यूच्या वेळी सोबत राहत असल्याचा पुरावा भाच्याकडे असेल तर तो पहिला आधार. नसेल आणि त्याची आई मावशीच्या आधी वारली असेल, तर वारस म्हणून दावा शक्य आहे.'

पहिल्या परिच्छेदात निवाड्याचं नाव नाही, कलम नाही, उत्तरही धड नाही. 'काहीशी' म्हणजे किती, हे सिनियरने कुणाला विचारायचं? दुसऱ्यात वकिलाला पुढे काय करायचं ते कळतं. विरुद्ध जाणारा निवाडा लपवलेला नाही, हेही बघा. तो समोरचा वकील दाखवणारच आहे. त्यापेक्षा तुमच्या टिपणात आधी दिसलेला बरा.

भाषेचं म्हणाल तर, उच्च न्यायालयात इंग्रजी आणि जिल्ह्यातल्या खालच्या न्यायालयांत मराठी, असा दुहेरी संसार आपल्याला करावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा धाक वाटतो आणि मग ते जुन्या अर्जांतली जडजंबाल वाक्यं तशीच उचलतात. त्यापेक्षा मुद्दा आधी मराठीत दोन ओळींत लिहा, तो पटला की इंग्रजीत छोट्या वाक्यांत बसवा. उलट दिशेने जाताना, म्हणजे मराठी दावा किंवा कैफियत लिहिताना, भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. पण त्यातला प्रतिशब्द वाचणाऱ्याला कळेल का, हे एकदा स्वतःला विचारा.

प्रबंध लिहिणाऱ्या एलएलएमवाल्यांसाठी थोडक्यात. विषय लहान घ्या. 'भारतातील भाडेकरूंचे हक्क' यावर चारशे पानंही पुरणार नाहीत, 'मुंबईतल्या पागडीच्या राहत्या जागा आणि मृत्युपत्र' यावर शंभर पानं नेटकी होतील. तळटिपांची पद्धत मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा आणि मग ती बदलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. टक्केवारी सॉफ्टवेअर काढतं. दुसऱ्याचा विचार शब्द फिरवून आपला म्हणून दाखवला की ते सॉफ्टवेअरला कळेलच असं नाही, तोंडी परीक्षा घेणाऱ्याला मात्र कळतं.

सराव कुठे करायचा

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. यातले काही आठवडे फोर्टातल्या बड्या फर्मऐवजी स्मॉल कॉजेस किंवा दिवाणी न्यायालयात रोज जाणाऱ्या वकिलाकडे काढा. तिथे कदाचित वातानुकूलित केबिन नसेल, पण कागद तुमच्या हातात येतील. तुम्ही लिहिलेला ड्राफ्ट सिनियरनी कापाकापी करून दाखल केला की दाखल झालेली प्रत वाचायला मागा आणि तुमच्या ड्राफ्टशेजारी ठेवून ओळ न ओळ पडताळा. काय कापलं, काय वर नेलं, कुठे 'कदाचित' काढून थेट लिहिलं, ते वहीत उतरवा.

न्यायालयात द्यायचं निवाड्यांचं कंपायलेशन करण्याचं काम कंटाळवाणं म्हणून टाळू नका. अनुक्रमणिका, सलग पान क्रमांक, ज्या परिच्छेदावर भिस्त आहे त्याला समासात रेघ, समोरच्या वकिलासाठी वेगळी प्रत. हे करताना प्रत्येक निवाड्यातला नेमका परिच्छेद शोधावाच लागतो, आणि तो सापडला नाही तर निवाडा यादीतून काढावा लागतो.

एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. अशिलाची नावं, पत्ते, मृत्युपत्राचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत. प्रश्न चर्चेला घ्यायचाच असेल तर माणसं, चाळ आणि तारखा बदलून घ्या.